घरातलं वायफाय सारखं जातं, राउटर बंद-चालू केला की येतं. नवा राउटर घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतंय: कोथरूडला टू बीएचके, फायबरचं कनेक्शन, ऑपरेटरचा डबा वेगळा आणि त्याला जोडलेला तुमचा तीन वर्षं जुना राउटर. दिवसा बरं चालतं, संध्याकाळी सातनंतर नेट जायला लागतं, बंद-चालू केलं की येतं. ऑपरेटरचा माणूस म्हणतो राउटर गेलाय, दुकानदार म्हणतो मेश घ्या, म्हणजे घरभर सिग्नल पसरवणारा दोन-तीन राउटरचा संच. पण नेट गेलेलं असताना या दोघांपैकी कुणीही तुमच्या घरात नव्हतं, आणि बिघाड ओळखायची वेळ नेमकी तीच असते.

मी लहान ऑफिसं आणि सोसायट्यांची नेटवर्कची कामं करतो. नेट गेलं की जवळजवळ प्रत्येक घरात पहिला हात स्विचकडे जातो. राउटर बंद-चालू केल्यावर तो वायफायचा चॅनेल (पट्ट्यातली आपली जागा) नव्याने निवडतो, ऑपरेटरकडे पुन्हा लॉगिन करतो, घरातले सगळे मोबाइल परत जोडून घेतो. नेट येतं, पण यातल्या नेमक्या कशाने आलं हे कळायची सोय उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी एक मिनिट स्विचला हात लावू नका, आधी दिवे बघा.

ऑपरेटरच्या डब्यावर पॉन आणि एलओएस असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर आणि एलओएस विझलेला असेल तर फायबर जागेवर आहे. एलओएस लाल झाला असेल तर प्रकाशच तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीये, तिथे राउटर बदलून काहीही होणार नाही. घरातली फायबर कपाटामागे दुमडली आहे का, सरकत्या खिडकीत चेपली आहे का, एवढं बघा. हिरवा कनेक्टर उपसून आत डोकावू नका, लेझर डोळ्याला दिसत नाही. आपल्याकडे बऱ्याच भागांत फायबर झाडांवरून, खांबांवरून लोंबत आलेली असते, त्यामुळे पावसाळ्यात आणि फांद्या छाटल्यानंतर हे दुखणं वाढतं. ऑपरेटरच्या माणसाला मीटर लावून रिसीव्ह पॉवर, म्हणजे तुमच्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतो, ते मोजायला सांगा. ती डीबीएममध्ये मोजतात. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ म्हणजे अगदी काठावर, तिथे कनेक्शन कधी टिकतं, कधी तुटतं.

आता समजा, राउटरचे सगळे दिवे एकदम गेले आणि क्षणात परत लागले. हे दिसलं की निम्मं निदान झालं, कारण मग भानगड विजेची आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तो अडॅप्टर. सदाशिव पेठेतल्या एका काकूंकडे असंच होतं. नवा राउटर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. मी मल्टिमीटर लावला तर अडॅप्टर चक्क १२ व्होल्ट दाखवत होता. पण ते मोकळ्या पिनवरचं माप. राउटर जोडलेला ठेवून मोजलं तेव्हा आकडा साडेदहापर्यंत उतरला, आणि शेजारच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना आणखी खाली जाऊन राउटर रीस्टार्ट झाला. अडॅप्टरमधले कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून थकतात. नुसतं ठेवलं तर व्होल्टेज बरोबर दिसतं, भार आला की कोसळतं. आणि भार येतो कधी? संध्याकाळी, घरातले सगळे मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप एकदम नेट ओढायला लागतात तेव्हा. तुमची सातनंतरची वेळ वाचून मला पहिली शंका हीच आली.

नवा अडॅप्टर घेताना जुन्यावरचे आकडे वाचून घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, ९ च्या जागी १२ अजिबात नको. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनचा आकार आणि प्लस-मायनसची खूणही जुळली पाहिजे. पुण्यात तपकीर गल्लीत जुना सोबत घेऊन गेलात तर दुकानदार जुळवून देतात. नव्या राउटरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, म्हणून आधी हा करा. जुना राउटर टीव्हीखालच्या बंद कप्प्यात असेल तर तोही बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये तो कप्पा भट्टीसारखा तापतो, आणि गरमीने राउटर अडकतो हे अगदी खरं आहे.

दिवे सगळे ठीक आहेत आणि तरी नेट नाही, असं असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारत राहा (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरखालच्या स्टिकरवर असतो), दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा गूगलचा सर्व्हर. दोन्हींपुढे डॅश टी (-t) दिलं की पिंग तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं. संध्याकाळभर तसंच राहू द्या. नेट जाईल तेव्हा राउटरचं उत्तर नेहमीसारखं येतंय आणि फक्त ८.८.८.८ गप्प असेल, तर तुमचं वायफाय निर्दोष आहे, बिघाड पुढे आहे. त्या स्क्रीनचा फोटो वेळेसकट ऑपरेटरला पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की ते रीस्टार्ट करा म्हणतात, फोटो बघून माणूस पाठवतात. उलट राउटरचंच उत्तर तुटत असेल तर लॅपटॉप लॅनच्या वायरने जोडून तेच परत बघा. वायरवर व्यवस्थित आणि वायफायवर तुटतंय, म्हणजे गडबड हवेत आहे.

कोथरूडसारख्या दाट वस्तीत ही शक्यता चांगलीच मोठी आहे. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप उघडलंत तर शेजारपाजारची ढीगभर नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात बोलतो, तेव्हा संध्याकाळी जेवण गरम करताना नेट जातं का तेही बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये ऑटो काढून या तिनांपैकी सगळ्यात मोकळा चॅनेल पक्का करा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केलं की वेग वाढण्याऐवजी शेजाऱ्यांशी टक्कर वाढते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे राउटरच्या दुसऱ्या पट्ट्याला, ५ गिगाहर्ट्झला, वेगळं नाव द्या आणि कामाचा लॅपटॉप तिथेच जोडा. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला घ्या. मधले, ५२ ते १४४, रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारचा संशय आला की राउटरने तो चॅनेल सोडायचा असा नियम आहे, आणि तेवढ्यात तुमची मीटिंग तुटते. ५ गिगाहर्ट्झ भिंतींना लवकर हरतो, त्यामुळे राउटर घराच्या मधोमध, उंचावर, लोखंडी कपाट आणि मोठ्या आरशापासून लांब ठेवा.

आणखी एक गोष्ट तपासा. ऑपरेटरचा डबा आणि तुमचा राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होतो, राउटरचा बदलून १९२.१६८.५.१ करा. डब्याचंही वायफाय चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर मोबाइल दोघांमध्ये हेलकावे खात राहतात.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हाचं वेगळं. त्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, पण डबा आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत, आणि दोन्हींचं व्होल्टेज आधी बघून घ्या.

अडॅप्टर बदलून, वायरने जोडूनही राउटरचं उत्तर तुटत असेल, तर मात्र राउटर खरंच गेलाय. तेव्हा डुअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला) घ्या आणि खोक्यावर गिगाबिट पोर्ट लिहिलंय का ते वाचा. स्वस्त मॉडेलमध्ये पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, म्हणजे २०० चा प्लॅन घेऊनही हातात शंभराच्या आतलाच वेग पडतो. मेश टू बीएचकेला सहसा लागत नाही. शेवटच्या खोलीत सिग्नल पोहोचतच नसेल तर तिथपर्यंत लॅनची वायर ओढून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, लावा. दिव्यांचं आणि पिंगचं काय दिसतं ते कॉमेंटमध्ये लिहा, तुमचं मॉडेल सांगितलंत तर सेटिंग कुठे सापडेल तेही सांगतो.