स्वमग्न भावंडासोबत वाढताना मदत कुठून मिळवायची?

तुम्ही विचारलंय, धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आईबाबा थकलेत, तुम्ही बारावीत. मदत कुठे मागायची?

माझा दादा स्वमग्न आहे. कुकरची तिसरी शिटी झाली की तो कान दाबून मोरीत जाऊन बसायचा, म्हणून आमच्याकडे वरण नेहमी तो शाळेत गेल्यावरच शिजायचं. माझी दहावीची उजळणी जिन्यात झाली. राग यायचा, मग रागाचीच लाज वाटायची. हे दोन्ही होतं, होऊ द्या.

आता कामाचं. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्या कार्डावर अडतात. आमचा दिव्यांगत्वाचा पहिला दाखला एका सरकारी दवाखान्यात तीन हेलपाटे घालून मिळाला, तेव्हा फाइलमध्ये झेरॉक्स जास्तच ठेवा. नंतर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना पाहा: वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो (ठरलेल्या मर्यादेतच, हं). वडील जुन्या पद्धतीने आयकर भरत असतील तर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी मिळणाऱ्या वजावटीबद्दल (1961 च्या आयकर कायद्यात कलम 80डीडी) सीएला विचारा.

भाऊ 18 चा झाला की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करता येतो. पालक कोण होणार, हे आईबाबांना आत्ताच विचारा. तुम्हाला गृहीत धरलं असेल तर तेही कळेल.

आणि बारावीच्या वर्षात रोजचे दोन तास अभ्यासिकेत बसा. आत्या, मावशी, कोणीही तेवढा वेळ घरी थांबू शकतं. आम्ही मागितलंच नव्हतं.