जर्मनीत मास्टर्स करताना रोजचा दिवस कसा जातो? रोज कॉलेजला जावं लागतं का?

रोज जावं लागेलच असं नाही. वेळापत्रक पाहिलं तर रिकामंच वाटतं, पण त्यावर जाऊ नका. एका सेमिस्टरला साधारण ३० ईसीटीएस क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं युरोपातलं माप) धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. त्यातले वर्गातले तास थोडे, बाकीचा अभ्यास लायब्ररीत नाहीतर खोलीत, आपला आपण. लेक्चरला हजेरी सहसा कुणी घेत नाही. सेमिनार आणि लॅबला मात्र दांडी महागात पडते.

वेळापत्रकात १० च्या पुढे ‘सी.टी.’ असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर दहाच्या ठोक्याला. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर टकटक करतात (पहिल्या दिवशी दचकायला होतं!). दुपारचं जेवण बहुतेकांचं मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्वस्त कॅन्टीनमध्ये.

नोकरीचं म्हणाल तर युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. रविवारी दुकानं बंद, म्हणून किराणा शनिवारीच.

सगळ्यात जपायचं ते परीक्षेचं. बऱ्याच विषयांत सगळे गुण शेवटच्या एकाच परीक्षेवर असतात आणि तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती तारीख चुकली तर सहसा परीक्षेला बसू देत नाहीत. आणि हो, तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० ला जेमतेम पास.