लातूरला घरी आठ जण जेवायला आहेत, बेक्ड पास्ता करतेय. सोबत काय ठेवू?

मेथीचा घोळाणा (कच्च्या मेथीची कोशिंबीर), टोमॅटोचं पातळ सार आणि हवाच तर गार्लिक ब्रेड, एवढं पुरे. मी पास्त्याच्या घरगुती ऑर्डरी घेते, त्यावरून सांगते. व्हाईट सॉस म्हणजे लोणी, मैदा, दूध आणि वर चीज. त्याच्याशेजारी पुन्हा तळलेलं काही आलं की चार घासांत तोंड मिटतं. म्हणून कडसर, आंबट, करकरीत हवं. थंडीत कोवळी मेथी मिळतेच. पानं न चिरता खुडून घ्या, बारीक कांदा, शेंगदाण्याचा कूट, लिंबू. एरवी घालतो ते तेल मात्र इथं नको. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटून पानं मलूल पडतात. पास्ता ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो, तेवढ्यात घोळाणा कालवून होतो.

पास्ता लाल सॉसचा असेल तर सार करू नका, टोमॅटोवर टोमॅटो होतो. त्याऐवजी काकडीची दह्यातली कोशिंबीर करा. आणि ठेच्याची वाटी ठेवाच, मोठी माणसं मागणार.