घडीचा साधा फोन कोणाला पुरेल?

प्रश्न: माझ्या आईला स्मार्टफोन झेपत नाही. काचेवर बोट टेकवताना हात थरथरतो, भलत्यालाच फोन लागतो आणि आलेला फोन उचलेपर्यंत तो बंद होतो. तिला बटणांचा, घडी घालता येणारा साधा फोन घेऊन द्यावा असे मला वाटते. भावाचे म्हणणे असे, की असा फोन देणे म्हणजे तिला सगळ्यांपासून तोडण्यासारखे आहे. काय करावे?

उत्तर: आईच्या हातांविषयी आपण जे लिहिले आहे, त्यावरूनच मी हा निर्णय करीन. थरथरणाऱ्या बोटासाठी काचेचा पडदा हे फार अवघड साधन आहे, कारण बोट नेमके कुठे टेकले हे हाताला कळत नाही. बटण दाबले गेले की ते बोटाला जाणवते. ५ च्या बटणावर बहुधा एक बारीक उंचवटा असतो, आणि तो चाचपला की बाकीचे आकडे न पाहताही सापडतात. घडीच्या फोनात याच्याही पुढची सोय आहे. फोन उघडला की समोरच्याशी बोलणे सुरू होते आणि मिटला की ते संपते, त्यामुळे उचलण्याचे व ठेवण्याचे वेगळे बटण शोधावे लागत नाही. उघडताच फोन उचलला जाण्याची ही सोय अनेक फोनांत सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ते काम फोन आईच्या हाती देण्यापूर्वी आपणच करावे. सोबत मुलांचे क्रमांक २, ३, ४ या बटणांवर बसवून द्यावेत, म्हणजे एकच बटण दाबून धरले की फोन लागेल.

मिटलेल्या फोनाची बटणे आतल्या बाजूला राहतात, म्हणून पिशवीत किंवा खिशात चुकून कोणाला फोन जात नाही. पडदा लहान आणि मागे चालणारी ॲप जवळपास नाहीत, त्यामुळे बेताचे बोलणे असेल तर एका चार्जिंगवर काही दिवस सहज निघतात. आई श्रवणयंत्र वापरत असतील, तर ते यंत्र आणि निवडलेला फोन एकमेकांशी जुळतात का, हे प्रत्यक्ष बोलून पाहिल्याशिवाय फोन घेऊ नये.

आता भावाचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, आणि ते बाजूला सारू नये. नातवंडांना पाहत बोलणे, फोटो आणि घरच्या गटातले निरोप हे सारे अशा फोनात एक तर नसते किंवा नावापुरते असते. काही बटणांच्या फोनांत व्हॉट्सॲप चालत असे, परंतु त्यांतल्या कायओएस या प्रणालीसाठी ते जून २०२४ नंतर नव्याने उतरवून घेता येईनासे झाले. म्हणून त्या भरवशावर असा फोन घेऊ नये. साध्या एसएमएसलाही मर्यादा आहे. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरचिन्हे मावतात, तर देवनागरीत ७०, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार, इतकेच काय पाय मोडल्याची खूणसुद्धा त्यांत वेगळी मोजली जाते. शिवाय ही देवनागरी ९-१० बटणांवर वारंवार दाबत लिहायची असल्याने दुखऱ्या हातांना ते काम नकोसे होते. आईंना लिहिण्याची हौस असेल तर ही उणीव मोठी आहे; त्या बोलण्यापुरताच फोन वापरत असतील, तर तिचे ओझे वाटणार नाही.

तोडगा असा, की सिमकार्ड घडीच्या फोनात ठेवावे आणि सध्याचा स्मार्टफोन घरात एका जागी, स्टँडवर, वायफायला जोडून ठेवावा. व्हॉट्सॲपची नोंदणी करताना येणारा सांकेतिक आकडा एसएमएसने साध्या फोनावर घेता येतो, म्हणजे व्हिडिओवर बोलणे घरच्या स्मार्टफोनावर चालू राहते. बँकेच्या ॲपचे मात्र असे जमेलच असे नाही, कारण त्यांतली अनेक ॲप नोंदवलेले सिमकार्ड त्याच फोनात आहे का हे तपासतात. ही सोय होण्याजोगी असेल, तर मी आपल्या बाजूने आहे.

खरेदीत सर्वांत मोठा धोका नेटवर्कचा आहे. टूजी व थ्रीजी सेवा अनेक देशांत टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी थांबवले आणि केवळ त्यावर चालणारे चांगले, धडधाकट फोन एका दिवसात निरुपयोगी झाले. खोक्यावर नुसते फोरजी लिहिलेले पुरेसे नाही. त्या फोनावरून फोरजीवर बोलता आले पाहिजे, म्हणजे त्यात व्होएलटीई हवे, आणि आपल्या सिमकार्डाच्या कंपनीने ते मॉडेल स्वीकारलेले हवे. कपाटातला जुना फोन काढून देण्याचा विचार असेल, तर आधी हे विचारून घ्यावे.

एक काळजी राहतेच. साधा फोन फसवणुकीपासून वाचवतो असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. खोटी ॲप त्यात शिरत नाहीत, पण गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्याचा फोन त्यावरही येतो. तेवढे आईंना समजावून सांगावेच.

प्रश्न: माझ्या घडीच्या फोनाचा पडदा पूर्ण उघडला की काळा होतो आणि थोडा मिटला की पुन्हा दिसतो. फोन टाकून द्यावा का?

उत्तर: लगेच नको. या फोनात वरचा व खालचा भाग जोडणारी एक पातळ, लवचिक पट्टी बिजागरीतून जाते. प्रत्येक उघडझापीला ती वाकते आणि कालांतराने तिच्या आतल्या तारा तुटू लागतात. ठरावीक कोनातच पडदा दिसणे हे बहुधा त्याचेच लक्षण असते. पट्टी बदलता येते, मात्र त्या मॉडेलची मिळाली पाहिजे. दुरुस्तीला देण्याआधी, पडदा दिसतो आहे तोवर, सारे क्रमांक सिमकार्डावर किंवा दुसऱ्या फोनावर उतरवून घ्यावेत, कारण पट्टी पूर्ण तुटली की फोन चालू असूनही त्यातले काही वाचता येणार नाही.