खालचा जबडा टाकू नका (कुत्रा की कोळसुंदा?)

"खालचा जबडा सुटा झालाय, नुसती कवटी तपासायला दिली तर चालेल ना?" सापडलेली कवटी बिबट्याच्या पिल्लाची, कुत्र्याची की कोळसुंद्याची (रानकुत्र्याची), या प्रश्नासोबतचं हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. नाही चालणार.

बिबट्याच्या पिल्लाचा विषय आधी मिटवू. तुम्हीच लिहिलंय की वरच्या सुळ्यामागे एका बाजूला सहा दात आहेत. मांजरकुळात तिथे चार, तरसाला पाच. म्हणजे या तिघांत कुत्र्याचं कुळ, आणि खरी गोची तिथेच आहे. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांचे दात 42, कोळसुंद्याचे 40. कमी असलेले दोन म्हणजे खालच्या जबड्यातली दोन्ही बाजूंची शेवटची, तिसरी दाढ. वरचे 20 सगळ्यांना सारखेच.

मी पूर्वी अशीच एक कवटी जिथे तपासायला दिली (नाव घेत नाही), तिथे जबडा वेगळा काढून ठेवला. "ओळखायला कवटी पुरे." परत आली नुसती कवटी आणि एक चिठ्ठी: 'कुत्रा'. कशावरून, ते नाही. खाली सही नाही. जबड्याचं विचारलं तर "तशी नोंद नाही". मग अर्ज, स्मरणपत्रं, या टेबलावरून त्या टेबलावर. म्हणे डोक्यावरच्या हाडाच्या कण्यावरून (कवटीच्या माथ्यावरची उंच कड) ओळखलं! अहो, तो कणा वयानुसार आणि नर-मादीनुसार बदलतो, दणकट कुत्र्यालाही असतो. माझ्या वहीत त्या नोंदीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, आणि ते आता पुसलं जाणार नाही.

तर जबडा हातात घ्या. नुसते दात मोजू नका, खोबणीही मोजा. मेल्यावर दात गळतात, खोबण राहते. काही पाळीव कुत्र्यांनाही तिसरी दाढ जन्मतःच नसते, म्हणून पहिली मोठी दाढ नीट पाहा. तिच्या मागच्या भागावर कुत्र्याला दोन उंचवटे असतात, कोळसुंद्याला एकच, धारदार. जवळजवळ निव्वळ मांसावर जगणारा, शिकार पडली की भराभर लचके तोडणारा प्राणी; त्याला दळण्यापेक्षा कातरणं महत्त्वाचं. पिल्लू असेल तर मात्र ही मोजणी विसरा, दाढा आलेल्याच नसतात.

अवांतर: साफ करताना कवटी उकळू नका, दात तडकतात आणि चरबी हाडात मुरते. ब्लीच तर नकोच. साध्या पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, हातमोजे घाला. वास येणारच, घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

मी प्राणिशास्त्रज्ञ नाही, हौशी आहे. जाणकारांनी चुका काढाव्यात. वन्यप्राण्याची कवटी जवळ ठेवणं अनेक ठिकाणी गुन्हा ठरतो, तेव्हा वनखात्याला आधी कळवा. पण देण्यापूर्वी कवटी आणि जबडा यांचे मोजपट्टीसकट फोटो काढा, आणि दोन्ही वस्तूंचा वेगवेगळा उल्लेख असलेली पोच घ्या.

खालच्या दाढांचा वरून काढलेला फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.