सर्वांत जोमदार बोकड आधी विकू नये : बेरारी शेळीच्या निवडीविषयी सल्ला

प्रश्न (काटोल तालुक्यातील शेळीपालक) : माझ्याकडे २२ बेरारी शेळ्या आहेत. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर असूनही काही करडे झपाट्याने वाढतात, तर काही खुरटतात. परदेशात गुरांमध्ये मांस वाढवणारे जनुक सापडले असे ऐकले. बोअर जातीचा बोकड आणावा का? मटण मऊ असणे हेही जातीवर ठरते का?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातील ११ दुवे (डीएनएच्या साखळीतील कड्या) गळालेले असतात, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. हे जनुक एरवी स्नायूंच्या वाढीला आवर घालते आणि तो आवर सुटल्यामुळे त्या जनावरांचे मांस दुपटीने भरल्यासारखे दिसते. मात्र त्याच कारणाने गाय विताना अडते आणि बहुतेक वासरे पोट फाडून काढावी लागतात. आपल्या राज्यात गोवंश हत्येस बंदी असल्याने मांसासाठीचा विचार आपण शेळीपुरताच करू, परंतु आनुवंशिकतेचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत.

एका जनुकाने एवढा फरक पडणे हा अपवाद आहे. सर्वसाधारण वाढ ही शेकडो जनुकांच्या लहान लहान परिणामांची बेरीज असते आणि करडांच्या वजनात दिसणाऱ्या फरकापैकी ढोबळमानाने पाचवा ते तिसरा हिस्साच आनुवंशिक असतो. उरलेला फरक आईचे दूध, करडू एकटे की जुळे, जंतांचा प्रादुर्भाव आणि जन्माचा हंगाम यांतून येतो. हा आनुवंशिक हिस्सा लहान वाटला तरी पिढ्यानपिढ्या साठत जाणारा तोच एक असल्याने तो हातचा घालवू नये.

आणि नेमका तोच आपण घालवतो. जे करडू सर्वांत आधी भरते त्याला बाजारात सर्वांत आधी गिऱ्हाईक मिळते, बकरी ईदच्या तोंडावर तर चांगला दर मिळतो म्हणून ते हमखास जाते. मागे जो विकला गेला नाही तोच बोकड शेळ्यांना लागतो. म्हणजे दरवर्षी आपण नकळत खुरटेपणाची निवड करतो. माझ्या मते आपल्या कळपातील अडचणीचे मूळ जातीपेक्षा या सवयीत असण्याची शक्यता अधिक आहे.

यासाठी तागाच्या पोत्याची झोळी करून ती टांगत्या काट्याला अडकवावी आणि सकाळी चरायला सोडण्यापूर्वी, उपाशीपोटी प्रत्येक करडाचे वजन घ्यावे : जन्मतः, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जन्माला २ किलोचे करडू ९० दिवसांत ११ किलोचे झाले, तर त्याची वाढ रोज १०० ग्रॅम झाली. तुलना करताना जुळ्याची जुळ्याशीच आणि एकाच हंगामातील करडांचीच करावी, नाहीतर एकट्याने सगळे दूध प्यायलेले करडू उगाच सरस ठरते. जुळ्यातील असूनही पुढे असलेला, भरपूर दुधाच्या शेळीचा नर राखून ठेवावा. बाकीचे नर चार महिन्यांच्या आत माद्यांपासून वेगळे करावेत. निवडलेला बोकडही दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या शेळीपालकाशी बदलून घ्यावा, कारण बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या करडात सरासरी चौथा हिस्सा जनुकजोड्या एकाच पूर्वजाकडून दुहेरी आलेल्या असतात आणि त्यातून मरतुक व खुरटेपणा वाढतो.

बोअर बोकड तूर्तास आणू नये. ही दक्षिण आफ्रिकेतील वजनदार जात आहे. तिच्या संकरित करडांना भरपूर खुराक मिळाला तरच ती अपेक्षेप्रमाणे वाढतात, आणि आपल्या लहान चणीच्या पाठी (तरुण माद्या) पहिल्याच वेताला अडण्याचा धोका असतो. विदर्भातील उन्हाळा आणि झाडपाल्यावरची गुजराण बेरारीला अंगवळणी पडलेली आहे.

मटणाच्या मऊपणावरही जनुकांचा प्रभाव असतो. कापल्यानंतर कॅल्पेन हे विकर (एन्झाइम) स्नायूंचे धागे सैल करते आणि कॅल्पास्टॅटिन त्याला अडवते. या दोहोंचे प्रमाण जनावरागणिक बदलते. तरीही सावजी रस्सा करणारा खानावळवाला मटण चिवट असल्याची तक्रार करतो, तेव्हा आधी बोकडाचे वय आणि शेवटचा दिवस पाहावा. गाडीत कोंबून, तहानलेला आणि घाबरलेला बोकड आणला तर स्नायूंतील साखर आधीच संपते, कापल्यानंतर पुरेसे आम्ल तयार होत नाही आणि मांस काळपट पडून लवकर खराब होते. म्हणून विक्रीच्या आदल्या संध्याकाळीच जनावर पोहोचवून त्याला पाणी पाजावे आणि रात्रभर विसावा द्यावा.