केंद्र सरकारी नोकरीतून तीन वर्षांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेत जायचंय. राजीनामा द्यावा की प्रतिनियुक्ती घ्यावी? पगार, ज्येष्ठता, पेन्शनचं काय?

राजीनामा अजिबात देऊ नका. प्रतिनियुक्तीवर जा, लिएन, म्हणजे इथल्या पदावरचा हक्क, इथेच राहू द्या. ज्येष्ठता त्यामुळे टिकते, आणि बढतीसाठी नेक्स्ट बिलो रूल आहे: तुमच्या खालच्याला इथे बढती मिळाली तर तुमचीही कागदोपत्री धरतात. तिथला पगार चांगलाच असतो. माणूस अडकतो तो पेन्शनमध्ये.

मी इंदूरला लेखा विभागातून निवृत्त झालो, या फायली हाताखालून गेल्यात. माझे साडू पाच वर्षांच्या करारावर व्हिएन्नाला निघाले, तेव्हा रामबागेत आमच्याकडे जेवायला आले होते. मी १९७२चे पेन्शन नियम काढून ३१वा नियम त्यांच्यापुढे ठेवला. पाच वर्षं किंवा जास्त काळ गेलात तर दोन पर्याय: इथलं पेन्शनचं अंशदान (पेन्शनसाठी भरायचा वाटा) भरून ती सेवा धरून घ्या, नाहीतर तिथले निवृत्तिलाभ घ्या आणि ती वर्षं इथे सोडा. मी म्हटलं, दरवर्षी भरत राहा. ते म्हणाले, "तुम्ही अकाउंटवाले रुपयांतच अडकता, मला डॉलरमध्ये पेन्शन मिळेल." ते लाभ भारतात रुपयांतच मिळतील, हे त्याच नियमात खाली लिहिलेलं. पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही, आणि अंशदानही भरलं नाही.

आईच्या आजारपणामुळे त्यांना मुदतीआधी परतावं लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या पेन्शन फंडात पाच वर्षं भरली नाहीत तर पेन्शन नाही. आपले कापलेले ७.९ टक्के व्याजासकट मिळतात, संस्थेने भरलेले १५.८ टक्के फंडातच राहतात. इकडे पाच वर्षांखाली पर्यायच नाही, अंशदान भरावंच लागतं. आर्थिक वर्ष संपल्यावर पंधरा दिवसांत भरलं नाही तर शंभराला रोज दोन पैसे व्याज, म्हणजे वर्षाला ७ रुपये ३० पैसे. मागणीपत्रात मुद्दलाखाली व्याजाची वेगळी ओळ पाहून साडूंनी कार्यालयावर आगपाखड केली. आजही म्हणतात, व्याज माफ व्हायला हवं होतं. का म्हणून? अंशदानाची अट प्रतिनियुक्तीच्या आदेशातच होती, तो वाचून, सही करूनच ते गेले. आईसाठी परत आले ते योग्यच केलं, पण त्याचा अंशदान न भरण्याशी संबंध नाही.

तुमची तर तीनच वर्षं आहेत. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भरा, चलनाची प्रत ठेवा, सर्व्हिस बुकात नोंद झाली का ते स्वतः बघा.

आणि हो, हे सगळं जुन्या पेन्शनवाल्यांचं. १ जानेवारी २००४ला किंवा नंतर लागला असाल तर एनपीएसचं, म्हणजे नव्या राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, गणित निराळं. पेन्शन नियमही २०२१मध्ये नव्याने आलेत, तेव्हा आपल्या लेखा शाखेकडून आजचा नियम लेखी घ्या, तोंडी नको.